हवेतलं पाणी फरशीवर

श्रावणातल्या एका सकाळी कागदांच्या खोलीत पाऊल टाकलं आणि तळव्याला गार लागलं. फरशीवर हातभर पाणी पसरलं होतं आणि त्याची एक धार कपाटाखालच्या गाठोड्याच्या दिशेनं निघाली होती. गाठोडं आधी उचललं, मग पाण्याचा माग काढला. छत कोरडं होतं, खिडकी बंद होती, नळाची लाइन त्या भिंतीतून जातच नाही. पाणी आलं होतं कोपऱ्यातल्या पांढऱ्या यंत्राखालून. खोलीतली ओल काढायला म्हणून जे आणलं होतं, त्याच्याच खालून.

हे यंत्र म्हणजे डीह्युमिडिफायर. बीडमध्ये हे नाव काढलं तर पहिला प्रश्न येतो, "आपल्याकडं कशाला?" प्रश्न चुकीचा नाही. बालाघाटच्या डोंगररांगांचा हा जिल्हा पर्जन्यछायेत येतो. वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही पडला तर. 2015 साली परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. जिथं वीज केंद्राला पाणी पुरत नाही, तिथं हवेतलं पाणी काढून टाकणारं यंत्र कुणी विकत घेईल, हे पटत नाही. आम्हीही विकत घेतलं नव्हतं. मुलगी चार वर्षं दापोलीला नोकरीला होती. तिकडं पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. जुलैत कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, चामड्याच्या चपलांवर बुरशीची पांढरी लव चढते, मिठाचा डबा पाणी सोडतो. तिथं तिनं ते घेतलं. बदली झाली तेव्हा म्हणाली, "बाबा, आता हे मला लागणार नाही. तुमच्या कागदांच्या खोलीत लावा."

त्या खोलीची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या घराचा मागचा भाग माळवदाचा आहे. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात अशा खोलीसारखं सुख नाही, पण पावसाळ्यात तीच भिंत पाणी धरते आणि दसऱ्यापर्यंत सोडत नाही. नेमकी तिथंच आमची घरातली कागदपत्रं आहेत. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होतं आणि संस्थानाचा महसुली कारभार उर्दूत चाले. त्यामुळे मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत आजही जमिनीचे जुने कागद उर्दूत, काही त्याआधीचे मोडीत, असे गाठोड्यात बांधलेले सापडतात. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या पुढं जाऊन तशीच राहिली की अशा कागदाला बुरशी लागते, पानं एकमेकांना चिकटतात, कसर होते. पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवली तर कागद टिकतो. आमच्याकडं हे यंत्र जून ते ऑक्टोबर चालतं ते एवढ्यासाठी.

गळतीकडं वळण्याआधी ते पाणी येतं कुठून हे नीट कळलं पाहिजे, कारण दुरुस्तीची निम्मी बुद्धी तिथंच आहे.

हवा जितकी गरम, तितकी ती जास्त बाष्प पोटात घेऊ शकते. 20 अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 17 ग्रॅमच्या आसपास पाणी मावतं, 30 अंशांना 30 ग्रॅम, 40 अंशांना 50 ग्रॅम. आर्द्रता ऐंशी टक्के म्हणजे मावण्याजोग्या पाण्यापैकी ऐंशी टक्के आत्ता हवेत आहे. हे गणित शेतकऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. मोंढ्यात सोयाबीन घेऊन गेलं की मुठीएवढ्या यंत्रात दाणे टाकून "हवा" बघतात. हवा बारा टक्क्यांच्या वर निघाली की भाव पडतो. ती दाण्यातली ओल, ही खोलीतली. दोन्हीकडं टक्केच बोलतात, पण सोयाबीनचे टक्के दाण्याच्या वजनावर मोजलेले असतात आणि हवेचे टक्के हवेच्या पोटावर, एवढा फरक लक्षात ठेवावा.

आता दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात 34 घनमीटर हवा असते. श्रावणात 30 अंश तापमान आणि ऐंशी टक्के आर्द्रता असेल, तर त्या रिकाम्या दिसणाऱ्या खोलीत आठशे ग्रॅमच्या वर पाणी तरंगत असतं. मे महिन्यात 40 अंश आणि पंधरा टक्के असेल, तर तेच जेमतेम पाव लिटर भरतं. आणि हवा थंड केली की तिची पाणी धरण्याची ताकद घटते, धरता न येणारं पाणी ती जवळच्या थंड पृष्ठभागावर टाकते. माठ पाझरतो ते वेगळं, पण फ्रिजमधून काढलेल्या स्टीलच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तो हाच. श्रावणातली ती हवा 26 अंशांपर्यंत थंड केली तरी दव धरू लागतं. मे महिन्यातली कोरडी हवा मात्र नऊ अंशांच्या खाली नेल्याशिवाय थेंब देत नाही. म्हणून उन्हाळ्यात मी एकदा हे यंत्र अर्धा दिवस चालवून पाहिलं, तेव्हा टाकीत चार चमचे पाणीही जमलं नव्हतं. दापोलीत हीच टाकी सकाळ-संध्याकाळ रिकामी करावी लागे.

यंत्राच्या पोटात असलेली व्यवस्था साधी आहे. मागून पंखा हवा ओढतो. हवा जाळीतून गाळली जाते आणि थंड कॉइलवरून जाते. तिथं पाणी सुटतं. मग तीच हवा गरम कॉइलवरून पुढं जाऊन कोरडी आणि जराशी ऊबदार होऊन बाहेर पडते. फ्रिज आणि एसी ज्या तत्त्वावर चालतात तेच हे, फक्त एसीत गरम कॉइल भिंतीबाहेर असते आणि इथं दोन्ही कॉइली एकाच डब्यात. त्यामुळे हे यंत्र खोली गार करत नाही, उलट दोन-तीन अंशांनी तापवतं. एक लिटर पाणी बाष्पाचं द्रव होताना सुमारे पावणेसातशे वॉट-तास उष्णता सोडतं, म्हणजे पाऊण युनिटच्या जवळपास, आणि वर यंत्रानं खाल्लेली वीज आहेच. ज्यांना गारवा हवा त्यांनी हे घेऊ नये.

एसीचा जन्मही गारव्यासाठी झालेला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका छापखान्याला उन्हाळ्यातल्या दमट हवेनं हैराण केलं होतं. कागद ओल धरून किंचित फुगायचा, एका रंगावर दुसरा रंग छापताना जागा चुकायची. विलिस कॅरिअर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरनं हवेतली ओल ताब्यात ठेवणारी यंत्रणा त्यांच्यासाठी आखली, आणि तीच आजच्या एसीची सुरुवात मानली जाते. कागद वाचवायला ओल काढणं, तिथूनच हे सगळं सुरू झालं. माळवदाच्या खोलीतल्या गाठोड्याचं त्या छापखान्याशी असं नातं आहे.

तर पाणी थंड कॉइलवर सुटतं. पुढं त्याची एक ठरलेली वाट आहे. कॉइलच्या पत्र्यांवरून ते ओघळून खालच्या ट्रेमध्ये पडतं, ट्रेच्या एका कोपऱ्यात बोटाएवढं भोक असतं, त्यातून ते खालच्या टाकीत टपकतं. टाकीत एक तरंगता असतो. टाकी भरली की तो वर उचलला जातो आणि यंत्र बंद पडतं. टाकीऐवजी मागच्या तोंडाला नळी जोडली तर पाणी थेट मोरीत जातं. कॉइल, ट्रे, भोक, टाकी, तरंगता. फरशीवर पाणी आलं म्हणजे या वाटेत कुठंतरी ते अडलं किंवा वाट सोडून गेलं.

मी पहिल्यांदा कुलर-फ्रिज दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराला दाखवलं. त्यानं यंत्र न उघडताच सांगितलं, "गुरुजी, पाणी गळायलंय म्हणजे गॅस गेलाय. गॅस भरावा लागेल." हा समज आपल्याकडं फार पसरलेला आहे आणि त्यापायी लोकांचे हजारो रुपये जातात. कॉइलमधला गॅस तांब्याच्या बंद नळीत फिरतो. तो गळाला तर हवेत उडून जातो, त्याचं पाणी होत नाही. फरशीवरचं पाणी हवेतलं आहे. गॅस कमी झाला तर कॉइलवर बर्फ धरू शकतो आणि तो बर्फ वितळून पाणी भलतीकडं पडू शकतं, एवढाच त्याचा संबंध. पण बर्फ धरण्याचं पहिलं कारण गॅस नसून मळलेली जाळी असते. म्हणून गॅसचा खर्च हा शेवटचा, पहिला नव्हे.

मग मी स्वतःच माग काढायचं ठरवलं. यंत्राचा प्लग काढला आणि अर्धा तास तसंच राहू दिलं. यंत्र ओलं असताना प्लग लावलेला असणं, ही एकच चूक या सगळ्या कामात जिवावर बेतू शकते. मग टाकी बाहेर काढून पुसली, तिच्यात पाणी भरलं आणि त्यात कपड्यांना घालायच्या निळीचे चार थेंब टाकले. टाकी रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवली. टाकीला केसाएवढी चीर असली तरी निळा डाग कागदावर उमटतो. सकाळी कागद कोरडा होता. टाकी निर्दोष ठरली.

पुढची परीक्षा ट्रेची. मागची जाळी काढली, स्क्रू काढून मागचं झाकण उघडलं. थंड कॉइलच्या खाली ट्रे दिसतो. खाली पुन्हा कोरडा कागद पसरला आणि निळीचं पेलाभर पाणी हळूहळू ट्रेमध्ये ओतलं. ते समोरच्या भोकातून टाकीच्या जागी पडायला हवं होतं. पडलं नाही. ट्रेमध्ये थांबून चढत गेलं, आणि डाव्या काठावरून कलंडून यंत्राच्या तळातून कागदावर आलं. निळा डाग वाढत गेला तेव्हा मनावरचं ओझं उतरलं. कुठं बिघडलंय हे डोळ्यांनी दिसलं होतं.

भोक बुजलं होतं. औषधाच्या दुकानातून वीस मिलिलिटरची सिरिंज आणली, तिला सलाइनच्या नळीचा वीतभर तुकडा जोडला आणि कोमट पाणी दाबानं भोकात सोडलं. दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला आतून एक लिबलिबीत, करडी दोरी बाहेर आली. कपड्यांचे तंतू, धूळ आणि त्याभोवती शेवाळासारखा थर. हवेतून सुटलेलं पाणी स्वच्छ असतं, पण हवेतली धूळ त्याच्याबरोबर ट्रेमध्ये येते आणि अंधाऱ्या, ओल्या जागी तिच्यावर जिवाणू पोसतात. तोच हा थर. आमच्या भागातली धूळ बारीक आणि चिकट, काळ्या मातीची. दापोलीत चार वर्षं ज्या भोकाला काही झालं नाही, ते इथं दुसऱ्या पावसाळ्यात बुजलं.

साबणाच्या कोमट पाण्यानं ट्रे धुतला, जुन्या मऊ टूथब्रशनं कोपरे घासले. पुन्हा निळीचा पेला ओतला. पाणी टाकीच्या बाजूला सरळ धारेनं पडलं. खर्च झाला तो सिरिंजचा. दिवसभर यंत्र उघडंच वाळू दिलं आणि मग लावलं.

प्रत्येक घरात कारण हेच असेल असं नाही. टाकी जागेवर नीट न बसणं हे सगळ्यात जास्त आढळणारं आणि सगळ्यात सोपं. रिकामी करून घाईत ढकलली की ती अर्धा बोट पुढं राहते आणि थेंब तिच्या काठाबाहेर पडतात. तरंगत्याच्या बिजागरीत शेवाळ धरलं की तो वर उचलला जात नाही, टाकी भरून वाहते आणि यंत्र चालूच राहतं. टाकी काढून तरंगता बोटानं वर-खाली करून बघावा, सहज हलला पाहिजे. काही यंत्रांत त्याच्यात लहानसं चुंबक असतं, धुताना ते निसटून मोरीत जाऊ देऊ नये, त्याशिवाय यंत्र चालत नाही. मागच्या नळीच्या तोंडाला रबरी बूच असतं. ते हरवलं तर पाणी टाकीत न जाता तिथूनच बाहेर येतं. यंत्र उतरत्या फरशीवर असेल तर ट्रेमधलं पाणी भोकाच्या उलट बाजूला साचतं. जुन्या घरांच्या शहाबादी फरश्या सहसा एका पातळीत नसतात, तेव्हा पाण्यानं अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून पातळी बघावी आणि पायाखाली पुठ्ठ्याची घडी द्यावी.

टाकीला चीर असेल तर एम-सील चालतं, कारण तिथं पाण्याचा दाब नसतो. चीर दोन्ही बाजूंनी सँडपेपरनं घासून, पूर्ण कोरडी करून बाहेरून लावावं आणि एक दिवस हात लावू नये. ओल्या प्लास्टिकवर लावलेलं आठवड्यात निघतं.

बर्फाचं मात्र जरा समजून घ्यावं लागतं. जाळी मळली की कॉइलवरून हवा कमी जाते, कॉइल गरजेपेक्षा थंड होते, दव गोठतं. बर्फाचा थर ट्रेच्या कडेबाहेर वाढतो आणि यंत्र थांबलं की तिथूनच वितळून खाली पडतो. खोलीचं तापमान पंधरा-सोळा अंशांच्या खाली असेल तर जाळी स्वच्छ असूनही असं होतं. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तेवढी थंडी पडते, आणि त्या दिवसांत हवा कोरडी असल्यानं यंत्र लावायची गरजही नसते. बर्फ दिसला तर यंत्र बंद करून त्याला आपोआप वितळू द्यावं. चमच्यानं किंवा पेचकसानं खरवडू नये. पत्र्यांमागची तांब्याची नळी पातळ असते, एक ओरखडा आणि यंत्र कायमचं गेलं. जाळी स्वच्छ, खोली उबदार आणि तरीही रोज बर्फ, असं असेल तेव्हाच गॅसचा विचार करावा आणि तेव्हा जाणकार माणूसच बोलवावा. हल्लीच्या बऱ्याच यंत्रांत आर-290 हा गॅस असतो. तो प्रोपेन आहे, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ. अशा यंत्राला घरी भोक पाडणं किंवा नळीजवळ तापती सळई नेणं म्हणजे आगीशी खेळ. मागच्या पट्टीवर गॅसचं नाव छापलेलं असतं, ते आधी वाचावं.

आगीचा विषय निघालाच आहे. 2013 साली अमेरिकेत वीस लाखांहून अधिक डीह्युमिडिफायर परत मागवावे लागले होते, कारण ते तापून पेट घेत होते. म्हणून यंत्राला जळका वास आला, प्लग तापला किंवा गुरगुर वाढली तर दुरुस्तीचा नाद सोडून ते बंद करावं. एक्स्टेंशन बोर्डावर चालवू नये. अर्थिंगचा तिसरा पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात लावण्याची सवय आपल्याकडं आहे. पाणी आणि वीज एका डब्यात असलेल्या यंत्राच्या बाबतीत तरी ती मोडावी. आणि गावाहून यंत्र आडवं टाकून आणलं असेल तर एक दिवस उभं ठेवून मगच सुरू करावं. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, त्याला परत जागेवर यायला वेळ लागतो.

टाकी रोज रिकामी करायचा कंटाळा असेल तर नळी जोडावी. पण नळीचा उतार यंत्रापासून मोरीपर्यंत सलग हवा. मध्ये एक जरी पोट आलं किंवा उंबरठ्यावरून ती वर चढली, तर पाणी तिथं थांबतं आणि मागं ट्रेमध्ये भरतं. नळीचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं असेल तरी हवा अडून पाणी मागं राहतं. बीडच्या माणसाला उताराचं महत्त्व सांगायला लांब जावं लागत नाही. शहराबाहेरची खजाना विहीर 16व्या शतकातली, निजामशाही काळातली. तिचं पाणी जमिनीखालच्या नाल्यांतून केवळ उताराच्या बळावर शेतापर्यंत जात आलं आहे. ना मोट, ना पंप. ज्यांनी ती बांधली त्यांनी उतार एका बोटानंही चुकू दिला नसणार. आपल्याला फक्त दोन मीटर नळी टाकायची असते, तिथं मीटरला एक-दोन सेंटीमीटर उतार दिला तरी पुरतो.

आता हे सगळं डीह्युमिडिफायर नसलेल्या घरांनाही तसंच लागू आहे, कारण घरोघरी एसी आलेत आणि एसी हाही ओल काढणारं यंत्रच आहे. भिंतीवरून ओघळ येतो, पलंगावर थेंब पडतात, रंगाला पोपडे धरतात, आणि फोन केल्यावर पहिलं उत्तर गॅसचंच येतं. बघायचं तेच असतं. जाळी मळली आहे का? उन्हाळ्यात ती पंधरा दिवसांनी धुवावी लागते, वाऱ्या-वावटळीच्या दिवसांत आठवड्यालाही. ट्रेची नळी बुजली आहे का? एसी सुरू असून, हवा दमट असून बाहेरच्या नळीतून एक थेंबही पडत नसेल तर ती बुजली आहे. नळी भिंतीबाहेर पडताना वर चढली आहे का? आतला डबा नळीच्या उलट बाजूला कलला आहे का? खिडकीचा एसी असेल तर तो बाहेरच्या बाजूला किंचित झुकलेला असावा लागतो. गारेगार तांब्याच्या नळीवरचा काळा फोम फाटला असेल तर तिथंही घाम सुटून थेंब पडतात, ती गळती नव्हे. फोमची नवी गुंडाळी चढवली की थांबते.

कुलरचं शास्त्र याच्या नेमकं उलटं. तो हवेत पाणी सोडतो. कोरड्या मे महिन्यात त्याच्यासारखं स्वस्त सुख नाही, पण मृगाचा पाऊस पडल्यावरही बंद खोलीत कुलर चालवणारी घरं मी पाहतो. हवा आधीच ओलीनं भरलेली, तिला आणखी पाणी घेता येत नाही, गारवा येत नाही आणि गाद्या, कागद, डाळींचे डबे दमट होतात. कपाटात कुबट वास येऊ लागला की लोक पावसाला दोष देतात. पावसाळा लागला की कुलर कोरडा करून ठेवणं, ही ओलीविरुद्धची पहिली उपाययोजना आहे आणि तिला पैसा लागत नाही.

दुसरी उपाययोजनाही फुकटच आहे. यंत्र चालू असताना दार-खिडकी बंद हवी. मघाशी हिशेब केला त्याप्रमाणे खोलीच्या हवेत लिटरभरही पाणी नसतं. तरी टाकी रोज भरते, कारण भिंती, कागद, कपडे ओल सोडत राहतात आणि फटींतून बाहेरची दमट हवा येत राहते. खिडकी उघडी ठेवली तर यंत्र सगळ्या गावाची हवा कोरडी करत बसेल आणि बिल तेवढं वाढेल. आमचं यंत्र तासाला पाव युनिटच्या आसपास वीज घेतं. रात्री दहा तास चालवलं तर अडीच युनिट.

जमलेल्या पाण्याचं काय करायचं, हा आपल्या जिल्ह्यात हमखास विचारला जाणारा प्रश्न. पाणी टाकून द्यायला हात धजत नाही, आणि धजू नयेच. पण ते पिऊ नये. ते कॉइलच्या धातूवरून, ट्रेच्या शेवाळावरून आलेलं असतं, उकळून जंतू मरतील पण धातूचे अंश जाणार नाहीत. इन्व्हर्टरच्या बॅटरीत हेच पाणी घालणारे खूप आहेत. तेही बरोबर नाही. क्षार नसले तरी त्यात धूळ आणि धातूचे कण असतात आणि बॅटरीच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होतो. बॅटरीला विकतचं डिस्टिल्ड पाणीच घालावं. फरशी पुसायला, संडास-मोरीला, झाडांना मात्र ते उत्तम. आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं जड की कुंडीच्या कडेवर पांढरे क्षार चढतात. या पाण्यावर वाढलेल्या कढीपत्त्याच्या कुंडीला ते चढले नाहीत.

टाकीत पाणी साचवून ठेवणं मात्र धोक्याचं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं, त्यात रांजण आणि हौद आपण धरतो, पण डीह्युमिडिफायरची टाकी, एसीखाली लावलेली बादली आणि फ्रिजच्या मागचा ट्रे विसरतो. हे तिन्ही त्याच दिवशी रिकामे करून, घासून, पालथे घालून वाळवावेत. त्यानं डास तर राहत नाहीतच, गळतीला कारण होणारं शेवाळही धरत नाही.

मृग नक्षत्र 7-8 जूनच्या सुमारास लागतं. त्याआधीच्या एखाद्या रविवारी प्लग काढा, जाळी धुवा, ट्रेमध्ये पेलाभर पाणी ओता आणि ते तेवढंच दुसऱ्या टोकाला पडतंय का हे स्वतः उभं राहून बघा. आणि घरात कुठं जुन्या कागदांचं गाठोडं असेल, तर ते जमिनीवरून उचलून फळीवर ठेवा.